उत्सवमूर्ती नव्हे, खेळगडी

मराठी मध्यमवर्गीय घरातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे जरा निरखून पाहिले तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, मुलांच्या परीक्षा, नातवंडांचे वाढदिवस यांच्या नोंदी तेथे असतात. पितृपक्षात कोणत्या तिथीला आजोबांचे श्राद्ध आणि कोणत्या तिथीला आजीचे, हेही कोणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलेले असते. पुष्कळ घरांत नसते ती एकच नोंद. ती म्हणजे घरातल्या आईच्या वाढदिवसाची. वडिलांची जन्मतारीख कागदोपत्री तरी सापडते. आईची विचारली तर ‘श्रावणातली कधीतरी’ असे मोघम उत्तर मिळते. गेलेल्या माणसाच्या मृत्यूची तिथी बिनचूक ठाऊक आणि हयात माणसाच्या जन्माची तिथी अंदाजाने, हा या समाजाच्या कुटुंबजीवनातील एक विलक्षण विरोधाभास आहे. त्याला कोणी कृतघ्नता म्हणेल. पण तसे म्हणणे अन्यायाचे होईल. आईवडिलांविषयी आदर नाही असे मराठी घर विरळाच. प्रश्न आदराचा नाही. आदर व्यक्त करण्याच्या ज्या रीती आपण पत्करल्या आहेत, त्यांत आनंदाला, विशेषतः हसण्याखेळण्याला, कितपत जागा ठेवली आहे, हा खरा प्रश्न आहे.

जन्मतारीख की निवृत्तीची तारीख?

मागील पिढ्यांच्या जन्मतारखांची कहाणी मोठी बोलकी आहे. मुलाला शाळेत घालायला आणलेल्या पालकाला तारीख सांगता येत नसे. मग मुलाची चण पाहून आणि प्रवेशाला लागणारे वय पुरे होईल अशा बेताने गुरुजी रजिस्टरात १ जून ही तारीख लिहून टाकीत; कारण शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई. परिणामी महाराष्ट्रात गावोगाव १ जूनला जन्मलेल्यांची एक मोठी जमातच निर्माण झाली. त्यातले जे पुढे शिक्षक झाले, कारकून झाले, त्यांच्या सेवापुस्तिकेत तीच तारीख चढली. ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी नियत वयोमानाने निवृत्त होतो, असा सरकारी नियम आहे. त्यामुळे ३१ मे हा दिवस राज्यातील कचेऱ्यांत आणि शाळांत सामुदायिक निरोप समारंभांचा दिवस ठरला आहे. आयुष्यभर ज्याने आपला वाढदिवस साजरा केला नाही, त्याला आपली जन्मतारीख पहिल्यांदा गांभीर्याने घ्यावी लागते ती खुर्ची सोडण्याच्या संदर्भात. जन्मतारखेचा हा उपयोग कितीही आवश्यक असला तरी त्यात जन्माचा आनंद शोधूनही सापडणार नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर एवढाही कागद पुष्कळदा नसे. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा आहे. २०२३ साली त्यात दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्या मुलांसाठी जन्मदाखला हाच वयाचा मुख्य पुरावा मानला जाऊ लागला. म्हणजे आजच्या नातवाची जन्मवेळ मिनिटासह नोंदलेली आणि त्याच्या आजीचा जन्म ‘पानशेतच्या पुराच्या आधी की नंतर’ या वादात अडकलेला, अशी स्थिती एकाच घरात आढळते. १२ जुलै १९६१ चा तो पूर, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ या घटना कित्येक कुटुंबांत आजही पंचांगाचे काम करतात. लोकांनी आपत्तींच्या खुणेने आपल्या जन्माचे वर्ष लक्षात ठेवावे, यात काळाची हलाखी दिसते. परंतु ज्या आपत्तीने वर्ष लक्षात राहिले तिच्याच आधाराने दिवस शोधून काढणे हे मात्र आजच्या मुलांना सहज शक्य आहे. आणि या शोधातच, जसे पुढे दिसेल, वाढदिवसाच्या पहिल्या खेळाचे बीज आहे.

शांत आणि सत्कार

वडीलधाऱ्यांच्या वयाचा गौरव करण्याच्या दोन रीती मराठी समाजात रूढ आहेत. एक धार्मिक, दुसरी सार्वजनिक. साठ वर्षे पुरी झाली की साठीशांत, सत्तराव्या वर्षी भीमरथी शांत आणि ऐंशी ओलांडल्यावर सहस्रचंद्रदर्शन. या विधींमागील कालगणना मनोरंजक आहे. संवत्सरांची नावे साठ. तेव्हा साठ वर्षांनी माणूस ज्या नावाच्या संवत्सरात जन्मला ते पुन्हा येते. १९६५ च्या गुढीपाडव्याला विश्वावसु संवत्सर सुरू झाले होते. तेच नाव २०२५ च्या पाडव्याला परतले. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस जातात, म्हणून हजार पौर्णिमा पुऱ्या व्हायला ८० वर्षे आणि सुमारे १० महिने लागतात. आयुष्य हे एक परतून येणारे चक्र आहे, ही कल्पना या गणितात आहे आणि ती सुंदर आहे. परंतु विधीचे स्वरूप मात्र ‘शांत’ या शब्दातच आले आहे. पुढील आयुष्यातील अरिष्टांचे निवारण व्हावे, हा त्याचा हेतू. होम होतो, दाने दिली जातात, यजमान धुरात डोळे पुशीत बसतो, मुले-सुना नमस्कार करतात, पंगती उठतात. पुष्कळदा असे वाटते की, साठीची शांत करता करता घरातला माणूसच शांत होऊन बसतो. त्या दिवसापासून त्याने मोठ्याने हसू नये, हौस सांगू नये, असा एक अलिखित संकेत सुरू होतो.

दुसरी रीत सत्काराची. तिला थोर परंपरा आहे. २३ जुलै १९१६ रोजी लोकमान्य टिळकांच्या वयाला साठ वर्षे पूर्ण झाली तेव्हा पुण्यात त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण करण्यात आली आणि ती त्यांनी राष्ट्रकार्यालाच दिली. सरकारने त्याच सुमारास त्यांच्यावर जामिनकीची नोटीस बजावून आपल्या परीने त्या सोहळ्यात भाग घेतला होता! अशा पुरुषांच्या वाढदिवसाला सार्वजनिक अर्थ असतो. समाज त्या निमित्ताने स्वतःचाच निर्धार जागा करीत असतो. परंतु या सोहळ्याची नक्कल जेव्हा दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात होते, तेव्हा तिचे रूप केविलवाणे बनते. निवृत्त कारकुनाला सभागृहात उंच खुर्चीवर बसवायचे, शाल आणि श्रीफळ द्यायचे, ज्या मुलाने वर्षभर चार वाक्ये धड बोलली नाहीत त्याने ध्वनिक्षेपकावरून वडिलांच्या त्यागाचे वर्णन करायचे, आणि सत्कारमूर्तीने गहिवरून ‘मी कृतकृत्य झालो’ म्हणायचे. यात खोटेपणा असतोच असे नाही. पण अंतर नक्की असते. मूर्ती म्हटली की गाभारा आला, गाभारा आला की उंबरठा आला. उत्सवमूर्तीची पूजा करता येते, तिला मखरात बसवता येते. तिच्याशी बोलता येत नाही. वडिलांना वर्षातून एकदा मखरात बसवून उरलेले ३६४ दिवस विसरण्याची सोय मात्र त्यातून होते.

खेळाची मराठी परंपरा

वडीलधाऱ्यांशी खेळणे हे आदराला बाधक आहे, ही समजूत किती उथळ आहे हे पाहण्यासाठी फार दूर जायला नको. वारकरी संप्रदायाइतका वडीलधाऱ्यांचा मान राखणारा संप्रदाय दुसरा नसेल. आईबापांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने देवाला विटेवर तिष्ठत ठेवले, ही त्या संप्रदायाची मूळ कथा. पण त्याच संप्रदायाच्या पालखीच्या वाटेवर पांढऱ्या केसांचे वारकरी फुगडी घालतात, नातवाच्या वयाचा पोर आजोबांच्या वयाच्या माळकऱ्याचे हात धरून गिरक्या घेतो, आणि फुगडी सुटली की दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. तुकोबांनी फुगडी, हमामा, विटीदांडू या खेळांवर अभंग रचले. काल्यात तर सर्वांची शिदोरी एकत्र कालवली जाते आणि कोणाचा घास कोणता हे उरत नाही. नमस्कार आणि खेळ ही एकाच प्रेमाची दोन अंगे आहेत, हे ज्या समाजाला पालखीच्या वाटेवर कळते त्याला ते घराच्या ओसरीवर का कळू नये?

घरगुती संस्कारांतही खेळाला मानाचे स्थान आहे. डोहाळजेवणात झाकलेल्या दोन वाट्यांतून पेढा निघतो की बर्फी, यावर हशा उसळतो. बोरन्हाणात चुरमुरे, बोरे आणि हलव्याचे दाणे वेचायला पोरांची झुंबड उडते. लग्नघरात नवरानवरीला सुपारी लपवायला लावतात, उखाण्यासाठी अडवून धरतात. मंगळागौरीच्या जागरणात झिम्मा-फुगडी-पिंग्याबरोबर सासू-सुना आणि नणंदा-भावजया यांची एरवी मनात राहणारी उणीदुणी गाण्यांतून उघड आणि निर्विषपणे बाहेर पडतात. म्हणजे गर्भावस्थेपासून लग्नाच्या पहिल्या पाच वर्षांपर्यंत मराठी माणसाच्या, त्यातही मराठी स्त्रीच्या, वाट्याला खेळ आहे. त्यानंतर एकदम पडदा पडतो, तो साठीशांतीच्या होमापर्यंत. मधल्या आणि नंतरच्या आयुष्यात खेळाचे स्थान शून्य. मुलांचे खेळ पाहावेत, त्यांची भातुकली आवरावी, त्यांच्या पतंगाचा मांजा गुंडाळून द्यावा. स्वतः खेळू नये.

योहान हाउझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात खेळ ही संस्कृतीच्या मुळाशी असलेली गोष्ट आहे, असे प्रतिपादन केले. त्याचा एक विचार येथे विशेष उपयोगी आहे: खेळ हा स्वेच्छेचा असतो, हुकमाने खेळला तो खेळच नव्हे. या एका कसोटीने वडीलधाऱ्यांच्या वाढदिवसाचे चांगले आणि वाईट प्रकार वेगळे काढता येतात. आणखी एक गोष्ट. खेळात सर्वांना नियम सारखे असतात. मेंढीकोटाच्या डावात हुकूम कोणाकडे आहे याला महत्त्व. घराचा कर्ता कोण, पेन्शन कोणाचे, फ्लॅट कोणाच्या नावावर, याला नाही. वडिलांचा गुलाम नातीने राणीने मारला तर वडिलांना तो सोडावा लागतो. दैनंदिन व्यवहारात ज्यांच्यात देणाऱ्या-घेणाऱ्याचे, सांगणाऱ्या-ऐकणाऱ्याचे नाते घट्ट झालेले असते, त्यांना बरोबरीने बसण्याची संधी पत्त्यांचा एक जोड देतो. शाल आणि श्रीफळ ती देऊ शकत नाहीत.

वडिलांचा खेळ होऊ नये

येथे एक सावधगिरीचा इशारा देणे अवश्य आहे. वाढदिवसाची गंमत म्हणून अलीकडे जे प्रकार बोकाळले आहेत ते पाहिले म्हणजे जुनी शांतच बरी होती असे वाटू लागते. सत्तरीच्या गृहस्थाच्या तोंडाला केक फासायचा, त्याला कागदी टोपी घालून नाचायला भाग पाडायचे, आणि त्याची उडणारी तारांबळ मोबाइलवर टिपून नातेवाइकांत पसरवायची, याला गंमत म्हणतात. कमी ऐकू येणाऱ्या आईला मुद्दाम पुटपुटत प्रश्न विचारून तिच्या चुकीच्या उत्तरांवर हसणारी सुशिक्षित मुलेही काही थोडी नाहीत. हसणारे सगळे असतात. पण ज्याच्यावर हसले जाते तो एकटा असतो. वडील खेळात असावेत, वडिलांचा खेळ होऊ नये. ही सीमारेषा बारीक असली तरी पुसट नाही. ज्या गमतीत वडील डाव टाकू शकतात, ‘मी नाही खेळत’ असे म्हणू शकतात आणि प्रसंगी मुलांना हरवू शकतात, ती गंमत खरी. ज्यात त्यांना फक्त सोसायचे असते ती टवाळी.

केक कापावा की औक्षण करावे, हा वादही आता पन्नास वर्षे जुना झाला. ज्योत विझवणे अशुभ, ज्योत उजळणे शुभ, या युक्तिवादात तथ्य आहे, आणि पाटाभोवती रांगोळी घालून केलेल्या औक्षणाचे सौंदर्य केकला येणार नाही हेही कबूल. परंतु मेणबत्तीऐवजी निरांजन आले एवढ्याने वाढदिवस आनंदाचा होतो, असे मानणे भाबडेपणाचे आहे. कारण त्या औक्षणाची तयारी करणारी, वाती वळणारी, श्रीखंडासाठी रात्री चक्का टांगणारी आणि दुपारी पुऱ्या तळत ओट्याशी उभी असणारी बाई बहुतेक घरांत तीच असते जिचा तो वाढदिवस असतो. आपल्या वाढदिवसाच्या पंगतीत शेवटी बसणारी आई हे दृश्य मराठी घरांना इतके सवयीचे आहे की, त्यात काही विसंगती आहे हे कोणाच्या डोळ्यांवरच येत नाही. म्हणून आईच्या वाढदिवसाच्या खेळाचा पहिला नियम कोणता असेल, तर त्या दिवशी तिने स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडायचा नाही. मुलांनी आणि नवऱ्याने रांधावे, तिने झोपाळ्यावर किंवा खुर्चीवर बसून परीक्षक व्हावे. पोळीचा नकाशा कोणत्या देशाचा झाला, आमटीत मीठ कोणी दोनदा टाकले, यावर तिने गुण द्यावेत आणि कापावेत. चाळीस वर्षे जिच्या स्वयंपाकाला सर्वांनी नावे ठेवली, तिला एक दिवस नावे ठेवण्याचा अधिकार मिळावा, यात विनोद आहे आणि न्यायही आहे.

बिनखर्चाचे खेळ

शिक्षकाच्या, कारकुनाच्या घराला परवडतील असे खेळ शोधायला बाजारात जावे लागत नाही. जन्मतारखेचा शोध हाच त्यांतला पहिला. समजा, आईची मोठी बहीण सांगते की, भूकंप झाला तेव्हा ही दोन महिन्यांची होती; आणि गावाकडची काकू सांगते की, सोने लुटून माणसे घरी परतली तेव्हा बाळंतपणाची बातमी कळली. दोन साक्षी जुळवल्या की १९६७ च्या ऑक्टोबरातील दुसरा आठवडा आणि दसऱ्याच्या आसपासची तिथी, इथपर्यंत नातवंडे सहज पोहोचतात. तारीख आणि तिथी यांची गाठ साधारणपणे दर एकोणीस वर्षांनी, फार तर एखाद्या दिवसाच्या फरकाने, पुन्हा पडते. म्हणजे सत्तावन्नाव्या आणि शहात्तराव्या वाढदिवसाला तारीख व तिथी जवळजवळ एकाच दिवशी येतात. गणित शिकणाऱ्या मुलाला हा ताळा करून पाहण्यात मौज वाटेल आणि जिची तारीख कोणी कधी विचारली नाही त्या बाईला सगळे घर आपल्या जन्माचा दिवस शोधीत आहे, हे पाहून काय वाटेल याची कल्पना करावी. शोधाअंती दिवस चुकला तरी बिघडत नाही. सरकारी १ जूनपेक्षा घराने शोधलेली चुकीची तारीखसुद्धा अधिक खरी आहे.

निवृत्त शिक्षक असलेल्या वडिलांच्या हाती त्या दिवशी शालीऐवजी तांबडी पेन्सिल द्यावी. त्यांनी प्रश्नपत्रिका काढावी: जुन्या बिऱ्हाडाचे भाडे किती होते, पहिला रेडिओ कोणत्या वर्षी घरी आला, सायकल कोणाला विकली आणि का, आईला पाहायला गेले तेव्हा तिने कोणता प्रश्न विचारला. मुलांनी, सुनांनी, जावयांनी आणि नातवंडांनी जमिनीवर बसून ती सोडवावी; नक्कल करताना सापडेल त्याला कोपऱ्यात उभे करण्याचा अधिकार परीक्षकाकडे असावा. अशा परीक्षेत बहुतेक मुले नापास होतील. पण त्या नापासीतूनच दुपारभर पुरेल एवढे बोलणे निघेल. वडिलांच्या आयुष्याविषयी भाषण करणे सोपे असते. त्यांच्या आयुष्याविषयी प्रश्नाचे उत्तर देणे अवघड. पहिल्यासाठी विशेषणे लागतात, दुसऱ्यासाठी सहवास लागतो.

याखेरीज गाण्याच्या भेंड्या आहेत, सागरगोटे आणि काचापाणी आहे, बदाम सात आणि गुलामचोर आहे. सागरगोट्यांत आजीची बोटे अजूनही नातीपेक्षा चपळ असतात, हे पाहणे हा नातीसाठी एक धडा असतो. ज्यांची मुले दूर देशी आहेत त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. पुण्यातील सकाळ आणि अमेरिकेतील रात्र यांची सांगड घालून दूरध्वनीवरून ‘काय आई, तब्येत कशी, गोळ्या घेतेस ना’ या तीन प्रश्नांत संपणारा संवाद सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याऐवजी अर्धा तास भेंड्या खेळल्या तर तब्येत कशी आहे हे आईच्या आवाजावरूनच कळेल.

विधीपेक्षा खेळ एका अर्थाने अधिक उदारही आहे. साठीशांतीत वर्षे मोजली जातात ती प्रायः पुरुषाची. पत्नी शेजारी बसते. पती निवर्तला असेल तर आईची साठी आली कधी आणि गेली कधी, हे कोणाला कळतही नाही. औक्षण असो वा हळदीकुंकू, विधवेने मागे सरायचे, ही रूढी आजही पूर्णतः गेलेली नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर गावांना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले, ते यामुळेच. ठराव झाला, हे चांगलेच झाले. पण ठराव उंबरठ्याच्या आत यायला वेळ लागतो. पत्त्यांच्या डावाला मात्र सुवासिनी लागत नाही. भेंड्यांना मुहूर्त लागत नाही. जिला विधीने मागच्या ओळीत बसवले तिला खेळ पुढच्या ओळीत आणतो. आणि एकदा ती हसत पुढे येऊन बसली की, निरांजनाचे तबक तिच्या हाती देताना कोणाचा हात अडखळणार नाही, अशी आशा बाळगायला हरकत नाही.

वाढ आणि घट

या सर्वांवर वडीलधाऱ्यांचाच एक आक्षेप असतो. ‘आता कसला वाढदिवस? वाढ संपली, घट सुरू झाली,’ असे ते म्हणतात. हा विनय असतो, संकोच असतो आणि थोडी भीतीही असते. तिची चेष्टा करू नये. पण वस्तुस्थिती त्यांना सांगावी. १९४१ ते १९५१ या दशकात भारतातील सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांच्या आसपास होते. २०१६–२० या काळासाठी ते ७० वर्षे नोंदले गेले. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांची संख्या १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती, आणि त्यांत स्त्रिया पुरुषांहून अधिक होत्या. ज्या काळात साठी गाठणे हीच नवलाई होती त्या काळात अरिष्टशांती करून देवाचे आभार मानणे समजण्यासारखे होते. आज साठीच्या माणसापुढे बहुधा पंधरा-वीस वर्षे असतात. एवढा दीर्घ काळ केवळ औषधे, आरती आणि आठवणी यांवर काढणे कोणालाही जड जाईल. ज्या आयुष्याची लांबी वाढली त्याची चव वाढवण्याची जबाबदारी कोणीतरी घ्यायला हवी.

ती जबाबदारी कायदा घेऊ शकत नाही. आईवडिलांचा आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण यासाठीचा कायदा २००७ साली झाला. मुलांनी पोसावे म्हणून न्यायाधिकरणाकडे जाण्याची आणि दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळवण्याची तरतूद त्यात आहे. असा कायदा करावा लागला, ही समाजाला भूषणावह गोष्ट नव्हे. पण तो आवश्यक होता यात संशय नाही. तथापि न्यायाधिकरण फार तर अन्न, वस्त्र, निवारा आणि औषध देववू शकेल. सोबत देववू शकणार नाही. ‘दर रविवारी आईबरोबर एक डाव खेळावा’ असा हुकूम कोणतेही न्यायपीठ काढणार नाही, आणि काढला तरी, हाउझिंगाच्या कसोटीने, तो खेळ राहणार नाही.

कर्तव्याची भाषा मराठी मुलांना चांगली येते. आईवडिलांसाठी काय काय केले, याची यादी ती तत्परतेने देतात: शस्त्रक्रिया केली, काशीयात्रा घडवली, स्वतंत्र खोली दिली. या यादीतील प्रत्येक गोष्ट मोलाची आहे. परंतु त्यातील प्रत्येक गोष्ट आईवडिलांसाठी केलेली आहे. आईवडिलांबरोबर केलेली एकही नाही. वाढदिवसाचा दिवस या दुसऱ्या यादीची सुरुवात करण्यासाठी आहे. त्यासाठी सभागृह लागत नाही, आचारी लागत नाही, मित्रमंडळींच्या छायाचित्रांसह चौकात फलक तर मुळीच लागत नाही. लागतो एक सबंध मोकळा दिवस, आणि आईवडिलांकडून हरण्याची तयारी.

पितृपक्ष दरवर्षी येणारच आहे. त्यातील तिथ्या कोणी विसरत नाही आणि पिंडाला कावळा शिवला नाही तर गेलेल्याची कोणती इच्छा राहिली असेल, याचा विचार तेव्हा सगळे घर करते. तोच प्रश्न माणूस समोर बसलेला असताना त्यालाच विचारावा. उत्तर फार मोठे नसते. पुष्कळदा ते ‘पत्ते काढा जरा’ एवढेच असते.